गळा कोणाचा, मालकी कोणाची?

२६ जुलै २०२५ रोजी बैरूतमध्ये संगीतकार व नाटककार झियाद रहबानी यांचे निधन झाले. अरब जगताच्या सर्वश्रेष्ठ गायिका फैरूझ यांचे ते चिरंजीव. वयाची नव्वदी गाठलेल्या फैरूझ मुलाच्या अंत्यविधीला आल्या, तेव्हा साऱ्या अरब देशांतील वाहिन्यांनी तो क्षण दाखविला. या निमित्ताने लेबनॉनमध्ये एक जुनाच सूर पुन्हा आळवला गेला. पूर्वीसारखे गाणे आता राहिले नाही, नव्या गायकांत मौलिकता नाही, गुणवत्ता नाही. उरला तो फक्त चेहरा आणि ठेका!

लेबनॉनच्या पॉप संगीताशी आंबेडकरी वाचकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमचा संबंध त्या 'गुणवत्ता' या शब्दाशी आहे. हा शब्द कानी पडला की आम्ही सावध होतो. १९९० साली मंडल आयोगाच्या वेळी आणि २००६ साली उच्च शिक्षणातील ओबीसी आरक्षणाच्या वेळी हाच शब्द दगडासारखा आमच्यावर भिरकावण्यात आला होता. ज्याच्या हाती तराजू असतो तोच गुणवत्तेचे माप ठरवितो, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. म्हणून एखाद्या देशातील संपूर्ण नव्या पिढीला कोणी गुणहीन ठरवीत असेल, तर तो तराजू कोणाच्या हातात आहे हे आम्ही आधी पाहतो. लेबनॉनचे उदाहरण या दृष्टीने डोळे उघडणारे आहे.

आधी देश समजून घेऊ. क्षेत्रफळाने लेबनॉन आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान आहे. तेथे अठरा धर्मपंथांना सरकारी मान्यता आहे. १९४३ च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी मुसलमान आणि संसदेचा सभापती शिया मुसलमान असतो. लग्न, घटस्फोट, वारसा हे सारे ज्याच्या त्याच्या धर्मपीठाच्या हाती. देशात नागरी विवाह करण्याची सोय नाही, त्यासाठी जोडपी शेजारच्या सायप्रस बेटावर जातात. म्हणजे माणूस जन्मला की त्याची जागा ठरली. १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे या देशाने यादवी युद्ध भोगले. अशा देशात गाणे ही साधी करमणूक राहत नाही. पंथांच्या भिंती ओलांडून सर्वांच्या घरात शिरणारी जी थोडीफार गोष्ट तेथे उरली, ती गाणे होय.

ज्या फैरूझच्या नावाने नव्यांना आज नावे ठेवली जातात, त्या स्वतः कोण होत्या? त्यांचे खरे नाव नुहाद हद्दाद. वडील छापखान्यात कामाला. बैरूतच्या झुकाक अल-ब्लात या वस्तीतील साध्या घरात त्या वाढल्या. शाळेत गाताना संगीतशिक्षक मुहम्मद फ्लैफेल यांनी त्यांचा आवाज हेरला आणि तेथून ही मुलगी नभोवाणीच्या गायकवृंदात गेली. नभोवाणीवरील संगीतकार हलीम अर-रूमी यांनी तिला 'फैरूझ' हे नाव दिले. फैरूझ म्हणजे आपल्याकडचा पिरोजा खडा. पुढे आसी व मन्सूर या रहबानी बंधूंच्या चाली तिला लाभल्या आणि १९५७ साली बालबेकच्या महोत्सवात तिने लेबनॉनच्या डोंगरी बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की छापखान्यातील कामगाराच्या मुलीला वर आणणारे रहाटगाडगे सार्वजनिक होते. शाळा, शिक्षक आणि सरकारी नभोवाणी! मोबदला कमी असेल, पण गळा गहाण पडला नव्हता.

आता मौलिकतेचे पाहू. ज्यांना आपण मौलिकतेचा आदर्श म्हणतो, त्या रहबानी बंधूंनी युरोपातील मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरावट उचलून फैरूझसाठी गाणे बांधले. युद्धाने भाजलेल्या बैरूतला उद्देशून फैरूझ यांनी गायिलेले 'ली बैरूत' हे गाणे स्पॅनिश संगीतकार रोद्रिगो यांच्या गिटारच्या रचनेवर आधारलेले आहे. मग ही नक्कल झाली काय? एकाही लेबनीज माणसाला तसे वाटत नाही. कारण चाल परकी असली तरी त्या गाण्यातील वेदना परकी नव्हती. म्हणून आमचे मत असे, की मौलिकता चालीत शोधणे ही अर्धवट परीक्षा आहे. गाणारा कोणाच्या वतीने गातो आणि तसे गाण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे काय, हे पाहिल्याशिवाय ती परीक्षा पूर्ण होत नाही.

झियाद रहबानी ही परीक्षा उत्तीर्ण झाले ते याच कारणाने. वडील आजारी असताना १९७३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी आईसाठी चाल दिली. पण आईवडिलांच्या नाटकांतील हिरवेगार, भांडणतंट्याविना नांदणारे खेडे त्यांना खोटे वाटले. १९७८ च्या त्यांच्या गाजलेल्या नाटकात खेड्यातून बैरूतला आलेले नवराबायको मद्यालयात राबतात आणि पोटासाठी कोणत्या थराला जावे लागते हे प्रेक्षकांना दाखवितात. १९८० च्या नाटकात त्यांनी सारा देशच वेड्यांच्या इस्पितळात नेऊन बसविला. डाव्या विचारांचा हा माणूस स्वतःच्या जन्मजात पंथाच्या पुढाऱ्यांचीही गय करीत नसे. घराणे मोठे असूनही त्याने घराण्याची री ओढली नाही.

युद्ध संपले आणि बाजार आला. १९७२ पासून सायमन अस्मर यांचा 'स्टुडिओ अल-फन' हा दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचा कार्यक्रम नवे गळे शोधीत होता. माजिदा अर-रूमी, राघेब अलामा, नवाल अल-झोग्बी, वाएल कफूरी, एलिसा ही मंडळी या वाटेने पुढे आली. यांच्यात गुण नव्हता असे म्हणणे हा खोटेपणा ठरेल. परंतु २००० नंतर चित्र पालटले. सौदी राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांच्या 'रोताना' कंपनीने अरब जगतातील बहुतेक नामवंत गायकांना करारात बांधले. गाण्याचे ध्वनिमुद्रण करणारी कंपनी त्यांची, ते गाणे दाखविणाऱ्या वाहिन्या त्यांच्या आणि मैफली भरविणारेही तेच! २०१८ साली त्यांनी 'डीझर' या इंटरनेटवरील संगीतसेवेत पैसा घातला आणि रोतानाची गाणी तिकडे नेली. साधन बदलले, मालक बदलला नाही. जो गायक या साखळीत नाही, तो श्रोत्यापर्यंत पोहोचणार कसा?

ग्राहक आखातातील श्रीमंत आणि इजिप्तमधील कोट्यवधी. त्यामुळे लेबनॉनचे गायक इजिप्तच्या आणि आखाताच्या बोलीत गाऊ लागले. २००३ साली नॅन्सी अज्रम यांचे 'अखासमक आह' हे गाणे घरोघर पोहोचले, ते इजिप्तच्या बोलीतलेच. पुढे नॅन्सी कोका-कोलाच्या जाहिरातीत आणि एलिसा पेप्सीच्या जाहिरातीत दिसल्या. गाणे ऐकण्याऐवजी पाहण्याची वस्तू झाली. एकाला यश मिळाले की त्याच साच्यातील दहा गाणी बाजारात यायची. कारण मालकाला तोटा नको असतो आणि नव्या वाटेत तोट्याचे भय असते. मग लोक म्हणू लागले, गायकांत मौलिकता नाही!

येथे आम्ही एक गोष्ट निक्षून सांगतो. या गायिकांवर तुटून पडणाऱ्या संस्कृतिरक्षकांच्या टोळीत आम्ही नाही. २००३ साली नॅन्सी बहारीनला गेल्या तेव्हा धर्मवाद्यांनी मैफलीविरुद्ध आंदोलन केले. पुरुष गायक त्याच वाहिन्यांवर तोच बाजार करीत असताना बदनामी मात्र बाईच्या वाट्याला. बाईच्या देहावर पैसा कमवायचा आणि तिलाच नीतीचे धडे द्यायचे, हा ढोंगीपणा तमाशातील कलावंत स्त्रियांच्या लेकीबाळींना आम्ही नव्याने सांगायची गरज नाही.

गुणवत्ता त्या चित्रफितींतही होती याचा पुरावा पाहा. 'अखासमक आह'ची चित्रफीत नादिन लबाकी नावाच्या तरुणीने दिग्दर्शित केली होती. बाजाराने तिला काही मिनिटांचे नाचगाणे मागितले, तिने ते दिले. पुढे तिला स्वतःचा विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा तिने 'कॅपरनॉम' हा चित्रपट केला. बैरूतच्या झोपडपट्टीतील जन्माची नोंदही नसलेला मुलगा आणि कागदपत्रे नसलेली इथिओपियन मोलकरीण यांची ती कथा. २०१८ साली कान महोत्सवात तिला ज्युरी पारितोषिक मिळाले. दिग्दर्शिका तीच, बुद्धी तीच. बदलली ती केवळ मागणी. एलिसा यांचेही तसेच. प्रेमगीतांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गायिकेने २०१५ साली एका गाण्याच्या चित्रफितीतून घरात मार खाणाऱ्या बाईची कहाणी मांडली. त्याच्या आदल्याच वर्षी लेबनॉनमध्ये कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला होता. २०१८ साली स्वतःच्या स्तनाच्या कर्करोगाची गोष्टही त्यांनी गाण्यातूनच उघड केली. बाजाराच्या पोटात राहूनही माणूस खरे बोलू शकतो. पण ते बोलण्याइतके बळ त्यांना वीस वर्षांच्या लौकिकानंतर आले, हे विसरता येत नाही. नव्या पोरीला हे कोण बोलू देणार?

नव्यांसाठी २००३ पासून टेलिफोनवरील मतांचे कार्यक्रम सुरू झाले. 'सुपर स्टार' इंग्रजांच्या साच्यातला, तर 'स्टार अकॅडमी' फ्रेंचांकडून घेतलेला. ऑगस्ट २००३ मध्ये बालबेकचा मल्हम झैन हा उत्तम गळ्याचा तरुण 'सुपर स्टार'च्या उपांत्य फेरीत बाद झाला, तेव्हा प्रेक्षागृहात खुर्च्या फेकल्या गेल्या आणि मंचावरील दोन्ही गायिका भोवळ येऊन पडल्या. लोकशाहीचा केवढा हा देखावा! प्रत्यक्षात प्रत्येक मतामागे टेलिफोन कंपनी आणि वाहिनी पैसे मोजत होती. ज्याच्या देशात लोक जास्त आणि खिसा जड, त्याचा गळा गोड ठरला. एक माणूस एक मत, आणि एक माणूस एक मूल्य, या तत्त्वावर पोसलेल्या आम्हाला हा प्रकार मतदान वाटत नाही, लिलाव वाटतो.

मग मौलिकता गेली कुठे? ती करारांच्या बाहेर गेली आणि तिने त्याची किंमतही मोजली. उद वाजवून महमूद दरवेशांच्या कविता गाणारे मार्सेल खलिफे हे त्यातील ज्येष्ठ. कुराणातील एका आयतेचा आधार असलेली दरवेशांची कविता गायिल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरण्यात आला. डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्याच सुमारास यास्मिन हमदान आणि झैद हमदान यांनी 'सोपकिल्स' नावाने जुनी अरबी गाणी विजेच्या वाद्यांवर नव्याने म्हणायला घेतली. याच झैद यांना जुलै २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षांवरील एका गाण्यासाठी काही तास कोठडीत बसावे लागले.

२००८ साली बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 'मश्रू लैला' हा गट स्थापन केला. लेबनॉनच्या बोलीत त्यांनी समलिंगी प्रेमावर, पंथाबाहेरच्या लग्नावर, पोलिसी जाचावर गाणी केली. कंपनीच्या दारात न जाता २०१३ सालच्या ध्वनिफितीसाठी त्यांनी चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली. २०१७ साली कैरोतील त्यांच्या मैफलीत इंद्रधनुषी झेंडा फडकविल्याबद्दल सारा हेगाझी या तरुणीला अटक झाली, तुरुंगात तिचा छळ झाला आणि २०२० साली परागंदा अवस्थेत तिने जीवन संपविले. २०१९ साली लेबनॉनमधीलच बिब्लोस महोत्सवात या गटाची मैफल चर्चच्या दबावाखाली रद्द झाली. २०२२ साली गट विसर्जित झाला. एरवी एकमेकांशी न पटणारे धर्मगुरू गाणाऱ्याचे तोंड बंद करताना कसे एका सुरात बोलतात, हे आम्हाला अपरिचित नाही.

१७ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हॉट्सअपवरील कराचे निमित्त होऊन लेबनॉनची जनता रस्त्यावर उतरली. सर्व पंथांचे लोक सर्व पंथांच्या पुढाऱ्यांना जा म्हणत होते. मग चलन कोसळले. एका डॉलरला पंधराशे लिरा हा भाव चार वर्षांत नव्वद हजारांच्या घरात गेला. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात साठवलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. २०२४ साली इस्रायलचे बॉम्ब पडले. वीज नाही, पैसा नाही, अनेक कलावंत परदेशी गेले. अशा काळात जे नवे गायक उभे राहिले, त्यांच्याकडे पाहा. मायसा जल्लाद ही वास्तू-इतिहासाची अभ्यासक. १९७५-७६ साली बैरूतच्या उंच हॉटेलांत बंदूकधाऱ्यांनी मांडलेल्या लढाईचा तिने अभ्यास केला आणि २०२३ साली त्यावर 'मर्जअ' हा गाण्यांचा संपूर्ण संच काढला. शाळेच्या पुस्तकात जो इतिहास शिकविला जात नाही, तो तिने गाण्यातून सांगितला. सँडी शमून गाते तो 'सनम' हा गट जुन्या अरबी गाण्याचा धागा कर्कश गिटारीशी बांधतो. मौलिकता याहून वेगळी काय असते? आणि तरीही या मंडळींना पॉपच्या मोठ्या वाहिन्यांवर जागा नाही. तराजूत घातलेच नाही, मग वजन भरले नाही असे कसे म्हणता?

परंतु आम्ही येथेच थांबलो तर आमच्या विचाराशी बेइमानी होईल. या पर्यायी गायकांतही बरेच जण शिकलेल्या, सुस्थित घरांतले आहेत. त्याहून खाली कोण आहे? बैरूतच्या बुर्ज अल-बराजने या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीतील 'कतिबे खम्से' या रॅप गटाने २००८ च्या सुमारास छावणीचे जगणे मांडले. हे निर्वासित तेथे १९४८ पासून आहेत, तिसरी-चौथी पिढी तेथेच जन्मली. तरी डॉक्टरी, वकिली, अभियांत्रिकी असे कित्येक व्यवसाय त्यांना बंद आहेत आणि २००१ च्या कायद्याने घर-जमीन घेण्याचा हक्कही गेला. जन्मावरून व्यवसायबंदी! या दोन शब्दांचा अर्थ आमच्या वाचकांना कोशात पाहावा लागणार नाही.

त्याहून जवळचा धागा वेगळाच आहे. लेबनॉनमध्ये डोम नावाचा समाज आहे. गाणेबजावणे, नाच, किरकोळ कारागिरी करीत गावोगाव भटकणारा. त्यांची मूळ भाषा डोमारी ही आपल्या भारतीय भाषांच्या कुळातली आणि 'डोम' हे नाव भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातील 'डोम्ब' शब्दाशी जोडतात. म्हणजे आपल्याकडचे डोंब! शेकडो वर्षांपूर्वी भारतातून गेलेले हे लोक. त्यांतील अनेकांना नागरिकत्व मिळाले तेच मुळी १९९४ च्या हुकमाने. अरबीत त्यांना 'नवर' म्हणतात आणि हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो. गावंढळ, असंस्कृत, गलिच्छ म्हणजे नवर. जी जमात लग्नात वाजवते, तिचे नाव शिवी आणि तिच्या ठेक्यावर नाचणारे प्रतिष्ठित! समुद्र ओलांडला तरी अप्रतिष्ठा पाठ सोडीत नाही ती अशी. लेबनॉनच्या नव्या गायकांत मौलिकता शोधणाऱ्यांनी या वस्तीत कधी ध्वनिग्राहक नेला काय?

आणि चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात उभी असलेली ती इथिओपियाची, श्रीलंकेची, बांगलादेशाची बाई? आर्थिक कोसळणीपूर्वी लेबनॉनमध्ये घरकाम करणाऱ्या अशा परदेशी स्त्रिया सुमारे अडीच लाख असल्याचे सांगितले जाई. 'कफाला' पद्धतीत त्या मालकाशी बांधलेल्या, बहुधा पारपत्रही मालकाच्या कपाटात. २०२० साली पगार परवडेना म्हणून मालकांनी इथिओपियन बायकांना त्यांच्या वकिलातीसमोर रस्त्यावर आणून सोडले. पॉप संगीताने यांची दखल कशी घेतली? २००९ साली हैफा वहबी यांच्या मुलांसाठीच्या एका गाण्यात काळ्या नुबियन समाजाचा अपमान करणारे शब्द आले. इजिप्तमधील नुबियन लोक न्यायालयात गेले, हैफांना माफी मागावी लागली. २०१८ साली मिरियम फारेस यांनी चित्रफितीत कातडी काळी रंगवून घेतल्याबद्दल टीका झाली. काळा रंग सोंगासाठी चालतो, काळा माणूस मंचावर चालत नाही. नुबियन समाज न्यायालयात गेला म्हणून माफी तरी मिळाली. हक्क मागितल्याशिवाय माफीही मिळत नाही, हा त्यातील धडा.

आता थोडे आपल्याकडे. आमच्या भीमगीतांनाही प्रस्थापितांनी 'सिनेमाच्या चालीवरची गाणी' म्हणून नाक मुरडले. त्यांना आम्ही सांगतो, चाल सिनेमाची असेल, पण त्यातला माणूस सिनेमात कधीच नव्हता. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट करून जे पेरले, त्याची मौलिकता मोजायला कोणाचा तराजू आणायचा? भीमराव कर्डकांच्या जलशांना कोणत्या वाहिनीने मंच दिला होता? गळा आपला होता, विचार बाबासाहेबांचा होता आणि मंच वस्तीचा होता, म्हणून ते गाणे टिकले.

पण लेबनॉनचा दुसरा धडाही घ्यावा लागेल. आज आमची पोरेपोरी स्पर्धांच्या कार्यक्रमांत जातात, चांगली गातात, टाळ्या घेतात. मात्र तेथे त्यांना भीमगीत म्हणता येते का, की इतरांचीच गाणी म्हणून परत यावे लागते? इंटरनेटवर भीमगीतांना लाखो श्रोते आहेत. त्या गाण्यांचे हक्क लिहिणाऱ्या-गाणाऱ्याकडे आहेत, की थोडीशी रक्कम टेकवून कोणी कंपनी ते घेऊन बसली आहे? कित्येक शाहीर म्हाताऱ्या वयात औषधाला महाग होऊन गेले, त्यांच्या कॅसेटी मात्र विकल्या जात राहिल्या. नव्या गायकाने करारावर सही करण्यापूर्वी तो एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि गाण्याचा हक्क स्वतःकडे ठेवावा. आमच्या मंडळांनीही जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या भिंती उभारण्यापेक्षा वस्तीतल्या एका तरी मुलीच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलावा. मश्रू लैलाला चाहत्यांनी वर्गणी दिली, ते आम्हाला अशक्य आहे काय?

लेबनॉनमध्ये गुणवत्तेचा दुष्काळ पडलेला नाही. दुष्काळ आहे तो मंचाचा, आणि मंच ज्यांच्या मालकीचे आहेत तेच दुष्काळाची बोंब मारीत आहेत. झियाद रहबानी गेले म्हणून रडणाऱ्यांनी, त्यांच्यासारखा कोणी नवा छावणीत, डोमवस्तीत किंवा स्वयंपाकघरात गात असेल तर त्याच्यासाठी दार उघडावे. आणि आम्ही ज्यांच्यासाठी लिहितो त्या नव्या गायकांना एवढेच सांगणे, की चाल कोणाचीही घ्या, वाद्य कोणतेही घ्या. गळा मात्र विकू नका.